रुमाल टाकलेला आहे

माझी बायको सातारची आणि मी सांगलीचा. आमच्या संसारात भांडणाला याहून वेगळं कारण कधी लागलेलं नाही. कंदी पेढा श्रेष्ठ की भडंग, या एका प्रश्नावर आम्ही तीस वर्षं काढली. मुलाने हौसेने युरोप दाखवायला नेलं तेव्हा हा वादही बरोबर होताच. विमानवाल्यांनी त्याचं वजन केलं नाही म्हणून बरं.

मुलाचा कार्यक्रम म्हणजे सात दिवसांत चार देश. व्हिएन्नात माझ्या गुडघ्याने असहकार पुकारला. मुलगा-सून राजवाडा बघायला गेली आणि आम्ही दोघं एका कॉफीगृहात टेकलो.

वेटर असा काही काळा कोट घालून आला की मीच उठून उभा राहणार होतो. कॉफीबरोबर तबकात पाण्याचा पेला. युरोपात आल्यापासून पाण्याच्या बाटलीला पैसे मोजून मोजून हैराण झालेल्या हिला तो फुकटचा पेला पाहून गहिवरून आलं.

कॉफी संपली. अर्धा तास झाला. कुणी ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला येईना! आपल्याकडे शेवटचा घोट उतरायच्या आत पोऱ्या कप उचलतो आणि ‘दोन वडे, एक च्या’ असा आपला गुन्हा गल्ल्यापर्यंत ओरडून जाहीर करतो. इथे मागितल्याशिवाय बिलच येत नाही. शेजारी एक आजोबा लाकडी दांडीला अडकवलेलं वर्तमानपत्र झेंड्यासारखं धरून बसले होते. पुढचा कप कधीचा कोरडा. ऑस्ट्रियाने २०११ साली या कॉफीगृहांच्या संस्कृतीची सांस्कृतिक वारशात नोंद केली, असं मुलाने मागाहून सांगितलं. म्हणजे नुसतं बसणं हासुद्धा वारसा!

“अहो, अगदी आमचे दादा,” ही म्हणाली. सासरे साताऱ्याच्या वाचनालयात टेंडर नोटिसांसकट पेपर वाचून काढत.

मला मात्र आप्पा आठवले. रिटायर झाल्यावर ते रोज संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या घाटावर जाऊन बसत. करत काही नसत. पाणी किती पायऱ्या चढलं, किती उतरलं, एवढं घरी येऊन सांगत. मी तेव्हा प्रमोशनच्या खटपटीत. “तीन-तीन तास काय बसता तिथे?” असं एकदा बोलून गेलो. दुसऱ्या दिवसापासून आप्पा अर्ध्या तासात परत यायला लागले. पाण्याचं सांगणंही बंद झालं. बोललेलं मी विसरलो होतो. व्हिएन्नात दोन तास बसल्यावर आठवलं.

संध्याकाळी ऑपेरा. बसायच्या तिकिटांचे भाव ऐकून आम्ही उभ्याची घेतली. रेलायला कठडा होता, म्हणून गुडघ्याने चालवून घेतलं. रांगेतून आत शिरलेले लोक कठड्याला मफलर, रुमाल बांधून खुशाल फिरायला जात होते. हीच तिथली जागा धरायची रीत! सातारा स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात जिचं बालपण गेलं, तिला हे शिकवावं लागलं नाही. पदराआडून रुमाल निघाला आणि दोन जागा सातारच्या ताब्यात गेल्या.

“ही इमारत १८६९ सालची,” मुलगा म्हणाला.

“आमच्या विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं १८४३ साली,” मी म्हणालो. शेजारचा गोरा गृहस्थ अदबीने हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

परतल्यावर एका संध्याकाळी घाटावर गेलो. पहिली दहा मिनिटं दोनदा घड्याळ बघितलं, मग राहिलं. घरी यायला साडेआठ वाजले.

“पाणी दोन पायऱ्या उतरलंय,” मी हिला सांगितलं.

पोळी लाटता लाटता ही म्हणाली, “आमच्या माहुलीवरूनच येतं ते!”