पुरूचे प्रकरण

एका घरातले भांडण तिघांनी सांगितले की त्याची तीन भांडणे होतात, हे कुणाही सासुरवाशिणीला ठाऊक असते. कादंबरीकारांना मात्र ते उमगायला वेळ लागला.

खांडेकरांच्या 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कैफियत स्वतः मांडतात. देवयानीवर रागावून बसावे, तोच तिचे प्रकरण येते आणि राग डळमळतो. तरी मला एक गोष्ट राहून राहून खटकते. बापाला आपले तारुण्य देऊ करणाऱ्या पुरूला तिथे प्रकरणच नाही! घेणारा पाने भरभरून बोलतो. देणारा आपला गप्प. (वर्गातही असेच. हात वर करणारे पोर तेच ते!)

सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्णाबरोबर त्याच्या धाकट्या भावाला, शोणालाही बोलते केले, हे फार बरे झाले. तिकडे इंग्लंडात बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्या 'गर्ल, वुमन, अदर'ला 2019 चे बुकर पारितोषिक विभागून मिळाले. तीत बारा जणांच्या कहाण्या आहेत, बहुतेक कृष्णवर्णी स्त्रियांच्या. बँकेत मोठ्या हुद्द्यावर चढलेली मुलगी तीत आहे. आणि गणिताची पदवी असून साफसफाईची कामे करणाऱ्या तिच्या आईलाही स्वतंत्र प्रकरण आहे.

माझ्या हातातल्या कादंबरीत मुलाच्या शिक्षणापायी शेत विकणारा एक बाप आहे. मुलाची प्रकरणे भराभर झाली. त्याला पुस्तकी भाषा येते. बापाच्या तोंडी आमची पैनगंगेकाठची वऱ्हाडी आहे. ती कागदावर कशी उतरवावी, इथे मी आषाढापासून अडून बसलो आहे.