हटनची वारी

प्रवासाला निघण्यापूर्वी शिदोरी, रस्ता आणि मुक्काम या तिन्हींची चौकशी करावी, असे जुनी माणसे सांगत. मी पहिल्या दोहोंचीच केली आणि फसलो!

‘एलिट डेंजरस’ हा २०१४ सालचा व्हिडिओ गेम. सुमारे ४०,००० कोटी तारामंडलांची अख्खी आकाशगंगा त्यात मांडली आहे. सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, “मामा, हटन ऑर्बिटलला जाऊन या. तिथं ॲनाकोंडा जहाज फुकट देतात!” फुकट म्हटल्यावर मी कसला थांबतो! माझे टाइप-७ हे मालवाहू जहाज काढले आणि निघालो.

सूर्यापासून मित्र ताऱ्यापर्यंतची, म्हणजे अल्फा सेंटॉरीपर्यंतची, चार प्रकाशवर्षांहून अधिक वाट एका उडीत सरली. पण हटन तिथून आणखी ०·२२ प्रकाशवर्ष दूर! एवढ्या अंतराला प्रकाशालाच ८० दिवस लागतात. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर-१ ला आजच्या वेगाने सुमारे ३,९०० वर्षे लागतील. गेममध्ये साध्या इंजिनाने दीड तास. पण तो दीड तास! वाटेत ना स्टेशन, ना चहावाला. तारे जागचे हलत नाहीत. मी दोनदा चहा करून प्यालो, तरी अंतर सरेना. शाळेत घोकलेल्या आकड्यांचा अर्थ त्या कंटाळ्याने प्रथम शिकवला.

अखेरीस उतावीळपणाने वेग आवरायला उशीर केला आणि हटन सर्रकन मागे गेले. वळून पुन्हा आलो. उतरण्याची परवानगी मागितली. नकार! हटनला मोठ्या जहाजाचा धक्काच नाही, आणि टाइप-७ ला मोठाच लागतो.

भाच्याला हाक मारली. तो पोट धरून हसत होता. फुकटचे जहाज ही नवख्यांची जुनीच थट्टा, म्हणे! मी रागावणार, तोच तो शेजारी येऊन बसला.

“मीपण असाच फसलो होतो, मामा. फक्त तेव्हा हसायला शेजारी कुणी नव्हतं.”

पंढरीत गाभाऱ्यापर्यंत पोचता न आलेला वारकरी कळसाला हात जोडतो आणि वारी पुरी झाली असे मानतो. आम्ही दोघांनी पडद्यावरच्या त्या स्थानकाला हात जोडले आणि रिकाम्या हाती परत फिरलो.