नातवाची फटफटी

आमच्या वाकडच्या घरीं नातवानें फटफटीचा मूळ सायलेन्सर नळीसकट काढून मोकळ्या वाटेचा नवा बसविला. आवाज भारदस्त झाला. पण गाडी आचके देऊं लागली. “आजोबा, पेट्रोल कमी पडतें, ट्यूनर हवा,” तो म्हणाला.

किंमत ऐकून मीं कारण विचारलें. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. धुराची वाट मोकळी झाली कीं हवा वाढते. पेट्रोल मात्र बव्हंशीं जुन्याच कोष्टकाप्रमाणें सुटतें. फ्युएलएक्स हें प्रमाण आपण होऊन जुळवितो. पॉवर कमांडरमध्यें संगणकावरून नवें कोष्टक भरावें लागतें. नवशिक्यास पहिलाच बरा, असें माझें मत पडलें.

पण धूर शुद्ध करणारा भाग जुन्या नळीबरोबरच निघाला होता! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारास मनाई करतें. हें त्यानें हंसून ऐकलें. मग मीं विचारलें, “ट्यूनरनें आवाज कमी होईल का? तुझ्या आजीला हल्लीं झोंप कष्टानेंच लागते.”

तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीं जुना सायलेन्सर माळ्यावरून खालीं आला होता. बसविला मात्र अजून नाहीं.