गळाला काय लावावे?

फाल्गुन-चैत्रात पंचगंगेचे पाणी उतरते, निवळते आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या बरग्यांमागे तुंबून संथ होते. माशाचे अंग पाण्याबरोबरच तापत असल्याने ऊन वाढते तशी त्याची भूकही वाढते. पण निवळ पाण्यात त्याला तंगूस दिसतो, काठावरची सावलीही दिसते. त्यामुळे या दिवसांत आमिष पारखूनच लावावे लागते.

नदीकाठी वाढणाऱ्या पोराचे पहिले आमिष म्हणजे गांडूळ. गोठ्यामागच्या ओल्या शेणखतात ते फुकट मिळते. गळावर ओवताना शेपटाकडचा थोडा भाग वळवळता ठेवतात. तळाच्या चिखलात दडणारी आणि अंधार पडल्यावर चरायला निघणारी वाम त्यालाच भुलते.

हात बसला की कणीक येते. तिच्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा आणि गूळ मळून हरभऱ्याएवढी गोळी करतात. सैल गोळी पाण्यात विरघळते, फार घट्ट गोळीतून गळाचे टोक रुतत नाही. हा अंदाज बोटांना सरावानेच येतो. आमिषाइतकीच खोलीही महत्त्वाची असते. मृगळाचे तोंड खाली वळलेले, म्हणून त्याची गोळी तळाशी सोडतात; कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात खातो; रोहू बहुधा मधल्या थरात चरतो.

कमाई सुरू झाली की रीळ आणि विकतचे कृत्रिम आमिष येते. धातूचा चकाकता चमचा जखमी माशासारखा लकाकतो. रबरी बेडूक जलपर्णीच्या कडेने थांबत थांबत ओढला की मरळ त्यावर झडप घालतो. हा शिकारी मासा हवा घ्यायला पृष्ठभागावर येतो, त्यामुळे त्याची जागा नजरेने हेरता येते.

उतारवयात मात्र तोच माणूस काठावर आल्यावर आधी पाणी पाहतो. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, शहरांचे सांडपाणी तेवढेच राहते. विरघळलेला प्राणवायू घटून मासे वर येऊन धापा टाकतात, कधी मरून तरंगतात. अशा पाण्यात कोणतेही आमिष चालत नाही.

म्हणून गळ टाकणाऱ्याने बारके मासे परत सोडावेत, पिल्लांची राखण करणाऱ्या मरळाला हात लावू नये आणि तुटलेला तंगूस घरी न्यावा. नदीत सांडपाणी जाऊ नये, यासाठीही सर्वांत आधी त्यानेच बोलले पाहिजे.