आठ खेळाडू आणि इतर

म्युनिकच्या विमान अपघातावर मी लिहिलेला लेख वाचकांना फार आवडला होता. फोन आले, पत्रं आली, संपादकांनी बैठकीत नाव घेतलं. त्या लेखात आणि त्यानंतर मी काय काय घोळ घातले, हे आता सांगायला हरकत नाही. निवृत्त उपसंपादकाची बढती कोण रोखणार?

साल २००८. ६ फेब्रुवारीला अपघाताला पन्नास वर्षं होत होती. तोवर मँचेस्टर युनायटेडचे लाल शर्ट घातलेली पोरं दादर-पार्ल्यात सर्रास दिसू लागली होती. त्यामुळे आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मला चक्क अर्धं पान मिळालं. फुटबॉलला अर्धं पान! हकिगत थोडक्यात अशी. ५ फेब्रुवारी १९५८ला बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी करून व्यवस्थापक मॅट बस्बीचा युनायटेडचा तरुण संघ युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोचला. दुसऱ्या दिवशी परतताना विमान इंधन भरायला म्युनिकला उतरलं. तिथून उडण्याचे दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या खेपेला विमान जमीन सोडेना. धावपट्टी संपली, कुंपण तुटलं, पलीकडच्या घरावर ते आदळलं. ४४पैकी २३ जण गेले.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण मला गुन्हेगार हवा होता. अपघाताच्या लेखात गुन्हेगार असला की वाचक शेवटपर्यंत येतो, हे मी डेस्कवर शिकलो होतो.

पहिला सापडला तो वैमानिक, कॅप्टन जेम्स थेन. त्याच्या ‘हट्टा’वर मी अख्खा परिच्छेद खर्च केला. पंखांवरचा बर्फ काढला नाही असा ठपका जर्मन चौकशीनं त्याच्यावर ठेवला होता, हे खरं. पण त्यानंतर दहा वर्षं तो माणूस झगडत राहिला आणि १९६९मध्ये ब्रिटिश चौकशीनं त्याला दोषमुक्त केलं. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल साचला होता. त्यात चाकं ओढली गेली आणि ११७ नॉटवर गेलेला वेग १०५वर उतरला. हे सगळं माझ्या टेबलावरच्या पुस्तकातच होतं, फक्त पुढच्या प्रकरणात. मी तिथवर पोचलो नव्हतो.

दुसऱ्या गुन्हेगाराची मात्र आजही लाज वाटते. आल्फ क्लार्क हा मँचेस्टरच्या ‘ईव्हनिंग क्रॉनिकल’चा वार्ताहर. दुसरा प्रयत्न फसल्यावर प्रवाशांना विमानतळाच्या इमारतीत परत नेलं होतं. थोड्या वेळानं पुन्हा बोलावणं आलं, सगळे आपापल्या जागी बसले, तर क्लार्क गायब. तो ऑफिसला फोन करत होता. विमान त्याच्यासाठी थांबलं, तो आला, आणि मग ते निघालं. एवढ्या मजकुरावर मी काय रचलं? त्या एका फोननं संघाचा घात केला, अशा अर्थाचं वाक्य. वर ते चौकटीत टाकायला लावलं.

त्या काही मिनिटांत धावपट्टीवर चिखल झाला नव्हता. तो आधीपासूनच होता. आणि क्लार्क करत होता ते काम मी स्वतः किती वेळा केलेलं! कूपरेजवर रोव्हर्स कपचा सामना संपला की कोपऱ्यावरच्या इराण्याकडे धावायचं, काळ्या फोनवरून डेस्कला गोल सांगायचे, मागे कुणीतरी ‘आटपा हो’ म्हणून खाकरत असायचं. संध्याकाळच्या पेपरच्या माणसाला तर दर तासाला बातमी द्यावी लागते. उशीर होतोय हे ऑफिसला कळवणं ही त्याची नोकरी होती. ज्या गोष्टीसाठी मी त्याला चौकटीत उभं केलं, ती केली नसती तर त्याच्या संपादकानं त्याला उभं केलं असतं.

आता नावांविषयी. आठ खेळाडूंची नावं मी वयासकट दिली होती. त्यांच्यातल्या डंकन एडवर्ड्सचे इस्पितळातले पंधरा दिवस दिले होते. मूळ मजकुरात ‘आठ पत्रकार’ असेही शब्द होते, नावं नव्हती. ऐन वेळी तळाला जाहिरात आली आणि काही ओळी काढाव्या लागल्या. पान मीच लावत होतो, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. काय जाऊ शकतं यावर नजर फिरवली आणि पत्रकार काढले. राहिलं ‘आठ खेळाडू आणि इतर’. मृतांच्या यादीत त्या इतरांतलं एकच नाव उरलं, फ्रँक स्विफ्ट, कारण तो एकेकाळी इंग्लंडचा गोलरक्षक होता आणि त्याचा फोटो मिळाला होता. फोटोखाली मी लिहिलं, ‘युनायटेडचा माजी गोलरक्षक’.

सोमवारी सकाळी फोन आला. आवाज म्हातारा, पण खणखणीत.

“स्विफ्ट सिटीचा हो. मँचेस्टर सिटीचा. युनायटेडला कधी खेळलाच नाही तो.”

मी चूक झाल्याचं कबूल केलं. अशा वेळी आम्ही फार गोड बोलतो.

“बरं, आणि बाकीचे सात कुठं गेले?”

मला आधी कळेचना कुठले सात. मग कळलं.

हे गृहस्थ लालबागच्या एका गिरणीतले निवृत्त विव्हिंग मास्टर. सत्तावन्न साली कापडधंद्याचं शिक्षण घ्यायला ते मँचेस्टरला गेले होते. आपल्या गिरण्यांतली अशी बरीच मंडळी तिकडे शिकून आली. त्यांनी मला फोनवरच सातही नावं सांगितली, पेपरांसकट. मी लिहून घेतली. डेस्कवर कुणाच्या मृत्यूची बातमी लिहून घ्यावी तशी, पन्नास वर्षं उशिरा.

त्यानंतर मी जे वाचायला हवं होतं ते वाचलं. क्लार्क आणि ‘ईव्हनिंग न्यूज’चा टॉम जॅक्सन हे दोघं म्हणजे युनायटेडच्या चाहत्यांचं रोजचं पंचांग. कोण दुखावला, कोण खेळणार, बस्बीच्या मनात काय आहे, हे गावाला संध्याकाळी या दोघांकडून कळायचं. क्लार्कनं क्लबच्या इतिहासावर पुस्तकही लिहिलं होतं. टीव्ही अजून घरोघरी पोचलेला नव्हता. बेलग्रेडचा सामना मँचेस्टरमधल्या माणसानं पाहिला तो या मंडळींच्या मजकुरातून.

‘मँचेस्टर गार्डियन’चे डॉनी डेव्हिस ‘एक जुना आंतरराष्ट्रीय खेळाडू’ अशा टोपणनावानं लिहायचे. हौशी फुटबॉलमध्ये इंग्लंडकडून खेळलेले, लँकेशायरकडून क्रिकेटही खेळलेले. त्या दौऱ्यावर खरं तर जॉन अरलॉट जायचे होते. हो, तेच, क्रिकेटच्या समालोचनातले अरलॉट. ऐन वेळी त्यांच्या जागी डेव्हिस गेले. ६ फेब्रुवारीच्या सकाळी त्यांचा बेलग्रेडचा वृत्तांत छापून आला होता. लोक तो वाचत होते तेव्हा विमान अजून म्युनिकलाही पोचलं नव्हतं.

आणि हेन्री रोझ! ‘डेली एक्स्प्रेस’चा. डोक्यावर हॅट, लिहिण्यात ताठा. लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर तो दिसला की प्रेक्षक हुर्यो उडवायचे आणि हा हॅट उंचावून त्यांना सलाम करायचा. वाचकांना चिडवून पेपर खपवणारा माणूस. त्याच्या अंत्ययात्रेला जाणाऱ्यांना फुकट न्यायला मँचेस्टरच्या हजार टॅक्सीवाल्यांनी गाड्या देऊ केल्या, आणि सदर्न सिमेट्रीकडे सहा मैलांची रांग लागली. क्रीडा पत्रकारासाठी! आमच्याकडे कुणी गेला की प्रेस क्लबात दोन मिनिटं शांतता, आणि त्यातही कुणाचा तरी मोबाइल वाजतो.

जॉर्ज फॉलोज, आर्ची लेडब्रुक, एरिक थॉम्पसन. ‘डेली हेरल्ड’, ‘डेली मिरर’, ‘डेली मेल’. स्विफ्ट त्या वेळी ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’साठी लिहीत होता. १९३४च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात शेवटची शिट्टी झाल्यावर सिटीचा हा वीस वर्षांचा धिप्पाड गोलरक्षक चक्कर येऊन पडला होता. सिटीचा हाडाचा माणूस युनायटेडच्या विमानात गेला.

त्या विमानातून वाचलेला वार्ताहर एकच, ‘न्यूज क्रॉनिकल’चा फ्रँक टेलर. (‘डेली मेल’चे दोन छायाचित्रकारही वाचले.) त्यानं १९६०मध्ये पुस्तक लिहिलं, ‘द डे अ टीम डाइड’. सोबतचे आठ सहकारी गेलेल्या माणसानंही नाव दिलं ते संघाचं. हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण चाहत्यांचा हिशेब चोख होता. अपघाताच्या वर्षीच ‘द फ्लॉवर्स ऑफ मँचेस्टर’ हे गाणं एका लोकगीतांच्या मासिकात निनावी छापून आलं. दर ६ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डबाहेर जमणारे लोक आजही ते म्हणतात. त्यात आठ पत्रकार मोजलेले आहेत, आणि स्विफ्टसाठी वेगळी ओळ आहे. गाणं म्हणणाऱ्या युनायटेडच्या माणसाला सिटीच्या गोलरक्षकाचं कौतुक करताना अडखळायला होत नाही. स्टेडियमच्या प्रेस बॉक्समध्ये पत्रकारांच्या नावांची पाटीही लावली होती. ती ऐंशीच्या दशकात चोरीला गेली, मग दुसरी करावी लागली.

एवढं कळल्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. मी विव्हिंग मास्टरांच्या घरी गेलो. त्यांच्यावर एक छोटा लेख करायचा, म्हणजे चूकही निस्तरेल आणि स्थानिक माणूसही मिळेल, असा दुहेरी बेत. काकूंनी पोहे केले. मास्टरांनी वही काढली नाही, फोटो काढले नाहीत, डोळे पुसले नाहीत. त्यांनी स्टेडियममध्ये जाऊन एकही सामना पाहिला नव्हता. थंडी फार आणि खिसा रिकामा. अपघाताच्या संध्याकाळी ते खोलीवर अभ्यास करत होते. “घरमालकीण पेपर घेऊन जिन्यात बसली होती. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यासमोर रांग होती. बाकी मला काही आठवत नाही. उगाच सांगायचं म्हणून काय सांगू?”

परतताना लोकलमध्ये मी वैतागलो होतो. साक्षीदार मिळाला आणि त्यानं काही पाहिलेलंच नाही. ऑफिसात बसलो आणि जिन्यातली मालकीण, पेपरवाल्यापुढची रांग हे सगळं लिहिलं. मग शेवटी त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं: ‘त्या दिवशी मँचेस्टरचे माग थांबले होते.’ ते बोलले नव्हते. गिरणीचा माणूस, कापडाचं गाव, म्हणून वाक्य आपोआप जुळलं. छापून आलं तेव्हा दोघातिघांनी तेवढंच वाक्य मला म्हणून दाखवलं.

त्यांचा फोन आला. या वेळी आवाज खाली होता.

“अहो, पाळी सुटल्याशिवाय माग थांबत नसतात. माणूस मेला तरी नाहीत. तिकडे नाहीत, इकडे नाहीत. हे मी बोललो नाही.”

मी म्हटलं, खुलासा देऊ. त्यांनी विचारलं, कधी? मी म्हटलं, बघतो. खुलासा दिला नाही. स्विफ्टचाही दिला नाही, थेनचाही नाही, आणि क्लार्कचा तर विचारच आला नाही. खुलाशाला जागा कुणाची कापायची, हा आमचा नेहमीचा प्रश्न. मास्टरांचा पुन्हा फोन आला नाही. पुढं ते गेल्याचं मला आमच्याच पेपरच्या छोट्या जाहिरातीतून कळलं.

याच्या पुढची चूक अज्ञानाची नव्हती, म्हणून ती मला जास्त टोचते. टॉम जॅक्सन गेल्यावर ‘ईव्हनिंग न्यूज’नं राजकारणावर अग्रलेख लिहिणाऱ्या डेव्हिड मीक या तरुणाला सांगितलं, तात्पुरतं युनायटेडकडे बघ. तो १९९५पर्यंत बघत राहिला. क्लबच्या इतिहासावर त्यानं पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. सामन्याच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेतला व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसनचा मजकूरही शब्दांत आणायचा तो हाच माणूस. ऑक्टोबर २०१८मध्ये मीक गेला. चाहत्यांच्या दोन-तीन पिढ्यांना युनायटेड ठाऊक होता तो त्याच्या लिखाणातून, त्यामुळे तिकडे हळहळ मोठी झाली. एजन्सीची बातमी रात्री माझ्यासमोरच आली. तोवर मला हा सगळा वारसा तोंडपाठ होता. जॅक्सनची खुर्ची, मीकची खुर्ची, सगळं. पण विंडीजचा संघ भारतात होता, कोहली धावा काढत होता, पान भरलेलं होतं. मी मीकला ‘संक्षिप्त’मध्ये दोन ओळी दिल्या. ‘ज्येष्ठ क्रीडा पत्रकार’ एवढंच. युनायटेडचं नाव टाकायला तिसरी ओळ लागली असती.

२०२३मध्ये, मी निवृत्त झाल्यावर, अपघाताला पासष्ट वर्षं झाली म्हणून दुसऱ्या एका दैनिकात एका तरुण वार्ताहराचा लेख आला. मुलगा चांगला लिहितो. आठही पत्रकारांची नावं होती त्यात, एकही गाळलेलं नव्हतं. पण पुढं आल्फ क्लार्कचा फोन होता, जवळजवळ माझ्याच शब्दांत. आणि शेवटी एका मराठी गिरणी तंत्रज्ञाची आठवण म्हणून ते मागाचं वाक्य, अवतरणचिन्हांसकट.

मी नंबर मिळवून त्याला फोन केला. तो खूश झाला. “सर, तुमच्या जुन्या लेखांतूनच घेतलंय. मागांचं वाक्य तर कमाल आहे.”

मी म्हटलं, ते त्या गृहस्थांचं नाही. ते माझं आहे, मी बनवलेलं.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “मग वेबसाइटवर तुमच्या नावानं टाकू का, सर?”