शून्यांचा काठ

"काका, ट्रिम झालंय. खाली काही उरलं नाही," असं म्हणून पोरीनं पेनड्राइव्ह उपसला आणि ती चहा सांगायला गेली. लॅपटॉप काउंटरवर येऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. समोर चैतन्यपुरीच्या हॉस्टेलमधला पोरगा उभा. विंडोज नव्यानं टाकायला बसला, सगळी पार्टिशनं उडवली, फॉर्मॅट केलं. मग डी ड्राइव्हही त्यातच गेला हे ध्यानात आलं आणि घाबरून पॉवरचं बटण दाबून धरलं. आता काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस'. चार महिन्यांचं प्रोजेक्ट आत होतं, त्याची दुसरी प्रत नव्हती.

मी त्याला म्हटलं, "दो दिन रखके जाओ. देखता मैं."

हे वाक्य मी दिलसुखनगरात पंचवीस वर्षांहून जास्त काळ म्हणत आलोय. तेलुगूत, दखनीत, आणि कोठीहून कुणी आपलं माणूस आलं तर मराठीत. पोरीनं चहाचे ग्लास ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि गप्प राहिली. ती धर्माबादची. इथं कोचिंग क्लासला आली, क्लास सुटला आणि दुकान धरलं, त्याला तीन वर्षं झाली. तिची ती गप्प बसण्याची तऱ्हा मला बोलण्यापेक्षा जास्त लागते.

माझं दुकान शून्यांवर उभं राहिलं. २६ एप्रिल १९९९, सोमवार. सीआयएच व्हायरस त्या दिवशी फुटला. तैवानच्या चेन इंग-हाऊनं तो लिहिला होता. तारीख चेर्नोबिलच्या अपघाताची, म्हणून सगळे त्याला चेर्नोबिलच म्हणत. सायबर टॉवर्सचं उद्घाटन होऊन पाच महिने झाले होते. दिलसुखनगरात ज्याच्याकडे जिना होता त्यानं जिन्यावर ओरॅकल, सी प्लस प्लस नि वायटूकेची पाटी लावलेली. वरच्या खोल्यांमधून जोडलेली मशीनं, आणि त्यांत एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या सीड्या. व्हायरसाला आणखी काय लागतं! सकाळी अकराला पहिला माणूस सीपीयू खांद्यावर घेऊन आला. संध्याकाळपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गड्डीअन्नारमच्या फळबाजारातून आंब्यांचा वास येत होता नि मी घामानं निथळत डिस्कएडिट, म्हणजे डिस्कचा एकेक सेक्टर दाखवणारा प्रोग्राम, उघडून बसलो होतो.

चेर्नोबिल डिस्कच्या सुरुवातीपासून एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकायचा. २०४८ सेक्टर. पार्टिशन टेबल गेलं, बूट सेक्टर गेला, त्याची राखीव प्रत गेली, पहिल्या फॅटचं तोंड गेलं. फॅट म्हणजे फायलींचे तुकडे कुठं आहेत ते सांगणारी यादी, तिच्या दोन प्रती असतात. मशीनच्या लेखी डिस्क कोरी. पण खाली पेज-डाउन दाबत गेलं की शून्यं, शून्यं, शून्यं, आणि २०४८व्या सेक्टरला एकदम अक्षरं. त्या जागेला मी काठ म्हणायचो. पहिल्यांदा तो काठ दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. ४.३ जीबीची डिस्क, फॅट-३२ असेल तर एकेक फॅट आठ हजार दोनशे सेक्टरच्या आसपास. म्हणजे व्हायरसानं पहिल्या फॅटचा जेमतेम पाव हिस्सा खाल्ला, दुसरी फॅट अंगाला ओरखडा न पडता बसलेली. तिचा पहिला घास असा: एफ-आठ, एफ-एफ, एफ-एफ, शून्य-एफ. तो सापडला की गणित. पहिली फॅट ९५वर, दुसरी अमुक ठिकाणी, वजाबाकी म्हणजे फॅटची लांबी. ती लांबी परत मिळवली की रूट डिरेक्टरी. मग बूट सेक्टर हातानं लिहायचा, दुसरी फॅट उचलून पहिलीवर ठेवायची, पार्टिशन टेबलच्या सोळा बाइट भरायच्या आणि श्वास रोखून रिसेट.

फॅट-१६ची डिस्क आली की मी हात जोडायचो. तिथं एक फॅट फार तर १२८ केबी. दोन्ही फॅट आणि वर रूट डिरेक्टरी, सगळं त्या एका मेगाबाइटात मावतं. म्हणजे ज्याची डिस्क मोठी, विंडोज नवं, तो वाचला. जुन्या मशीनवर हिशेब ठेवणारा गरीब दुकानदार बुडाला. व्हायरसाचा तसा काही हेतू नसणार, पण काउंटरवर उभं राहिलं की हेतूच वाटायचा.

या सगळ्यात माझा सगळा जीव एका जागी अडकला होता. वजाबाकीतला एक सेक्टर. दुसऱ्या फॅटचा पहिला सेक्टर धरून मोजायचं की सोडून? डिस्कएडिट सेक्टर शून्यापासून मोजतो, माणूस एकपासून. झोपेत असताना, वीज जाऊन परत आल्यावर, कुणी "कितना टाइम अन्ना?" असं विचारल्यावर, त्या एकाचा घोटाळा व्हायचाच. आणि तो लगेच कळत नाही हे त्यातलं विष. रूट डिरेक्टरी बरोबर जागेवर असेल तर फोल्डरं छान दिसतात. फायलीचा पहिला तुकडाही बरोबर उघडतो. पुढचे तुकडे मात्र भलत्याचेच. एका सेक्टरात १२८ नोंदी, तेवढ्या घरांनी सगळी साखळी सरकलेली. पत्रिकेवर नवरा एका लग्नातला आणि मुहूर्त दुसऱ्यातला, असं.

पत्रिकेचं उदाहरण मी उगाच दिलेलं नाही. मलकपेटच्या बाजूचा एक डीटीपीवाला होता. तेलुगू नि मराठी लग्नपत्रिका लावायचा, सीझन तोंडावर. त्याच्या डिस्कवर मी फॅट एक सेक्टर सरकवून लिहिली. मूळ डिस्कवरच, प्रत न काढता, कारण तेवढी मोकळी डिस्क माझ्याकडे नव्हती आणि असती तरी मी काढली नसती. तोवर सोळा मशीनं उठवली होती, हात चढला होता. विंडोज सुरू होईना म्हणून वर स्कॅनडिस्क चालवला. स्कॅनडिस्कनं माझी चूक खरी मानली आणि तिच्या हिशेबानं बाकीचं सगळं 'दुरुस्त' केलं. शेवटी शेकडो सीएचके फायली, नुसते बेवारस तुकडे, उरल्या. मी त्याला सांगितलं, व्हायरसनं खाल्लं. तो "जाऊ द्या, नशीब" म्हणाला आणि तपासणीचे पन्नास रुपये देऊन गेला. मी ते घेतले.

थोड्याच दिवसांत स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रामरनं फिक्स-सीआयएच नावाचा फुकट प्रोग्राम काढला. फ्लॉपीत मावणारा. मी जे रात्र रात्र करत होतो ते तो मिनिटांत करायचा आणि एकाही सेक्टरनं चुकायचा नाही. मी तो उतरवून घेतला आणि मॉनिटर भिंतीकडे फिरवला. गिऱ्हाईक समोर, पडदा माझ्याकडे, प्रोग्राम आपला चालतोय आणि मी कीबोर्डवर उगाच बोटं आपटतोय. मग म्हणायचं, "दो दिन रखके जाओ." डिस्क कपाटात दोन दिवस पडून राहायची. पैसे सोळा मशीनांच्या वेळी घेतले तेवढेच. गल्लीत माझं नाव झालं ते त्या महिन्यात, आणि त्यातलं निम्मं गिब्सनचं आहे.

शेजारपाजारच्यांना मी कायम नावं ठेवत आलो. 'फॉर्मॅट मार दो'वाले. मशीन सुरू होत नाही, फॉर्मॅट. आवाज येत नाही, फॉर्मॅट. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, आत काय आहे बघायचं नाही, पेनड्राइव्ह खुपसायचा नि पंचवीस मिनिटांत निळी खिडकी दाखवून पैसे घ्यायचे. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये पार्ट आणायला गेलो की तिथल्या पोरांपुढे मी यावर भाषणं ठोकायचो. मशीन सुरू होणं वेगळं आणि माणसाचं सामान परत येणं वेगळं, वगैरे. अजूनही मला ते खरंच वाटतं. फक्त आता त्या पोरांचं आणि माझं काम बाहेरून सारखंच दिसतं.

हातही राहिला नाही. चेर्नोबिलनं काही बोर्डांचं बायोसही पुसलं होतं. तेव्हा आम्ही तसलाच दुसरा जिवंत बोर्ड सुरू करायचो, चालू मशीनमधून बायोसची चिप उपटायची, मेलेली चिप तिथं बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. चिप सरळ वर यावी म्हणून खालून आधीच दोरा ओवून ठेवायचा. वीज चालू, दोरा दोन्ही हातांत, एक पाय वाकला तर दोन्ही बोर्ड गेले. आता एम-टूचा इवलासा स्क्रू काढताना माझा अंगठा थरथरतो. पोरगी न बोलता स्क्रूड्रायव्हर काढून घेते. २०१८च्या सप्टेंबरात मेट्रो सुरू झाल्यावर मी बरेच दिवस म्हणायचो, गाडी गेली की टेबल हलतं.

तर तो लॅपटॉप. ५१२ जीबीचा एसएसडी, म्हणजे शंभर कोटी सेक्टर. पोरगी गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि हेक्स एडिटर उघडला. कसं असतं ते मला माहीत आहे. फॉर्मॅट करताना विंडोज एसएसडीला सांगतं, हे सगळं आता नको. हेच ते ट्रिम. ड्राइव्ह ते खरं मानतो आणि वाचायला गेलं की शून्यं हातावर ठेवतो. जुनी डिस्क विसरायची नाही, फक्त पत्ता हरवायची. हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगतो. तरी मी खाली खाली जात राहिलो. काठ शोधत.

रात्री साडेअकराला, तीन जीबीच्या जरा पुढे, काठ आला. अक्षरं. 'फाइल', परत 'फाइल', परत 'फाइल'. एनटीएफएसची नोंदवही! मी एकटाच मोठ्यानं "अरे!" म्हणालो. पोरीला फोन लावला. झोपेतच तिनं विचारलं, "किती नोंदी आहेत, काका?" मी मोजल्या. दोन-चार डझन. सगळ्या व्यवस्थेच्या, माणसाची एकही नाही. "ते फॉर्मॅटनंच लिहिलंय," ती म्हणाली. वही नवी होती, कोरी. मला हे पहिल्या नजरेला कळायला हवं होतं. १९९९ला कळलं असतं.

दुसऱ्या रात्रीही मी बसलो. का, ते सांगता येत नाही. पैशासाठी नव्हे. त्या पोरासाठी, असं म्हणायला बरं वाटेल, पण त्याचं तोंडही मला आठवत नव्हतं. पोरगी पाच मिनिटांत म्हणाली ते चूक ठरावं, एवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी तो आला. पोरीनं आधीच नवं विंडोज टाकून ठेवलं होतं. लॅपटॉप झटकन सुरू झाला आणि पोराचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यानं डी ड्राइव्ह शोधला. मी तोंड उघडायच्या आत पोरीनं त्याला तेलुगूत सांगितलं, सरळ, की पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाईडला मेल केलेलं काही आहे का, व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवलेलं काही आहे का, हेही तिनंच विचारलं. अर्धं प्रोजेक्ट तिथून निघालं. मला ते सुचलं नव्हतं. मी शंभर कोटी सेक्टरांत शोधत होतो.

त्या रविवारी मी पेटीतून ४.३ जीबीची एक जुनी डिस्क काढली. चेर्नोबिलची, मुद्दाम तशीच ठेवलेली. तिला लावायला आयडीईची पट्टी शोधण्यात तास गेला. डिस्क फिरली. पोरगी डिस्कएडिटसमोर बसली आणि मी मागे उभा राहून बोलत गेलो: आता काठ येईल, आता एफ-आठ शोध, आता त्यातून ९५ वजा कर.

"९५ कुठून आले?" तिनं विचारलं.

"त्रेसष्टला पार्टिशन सुरू. एका ट्रॅकमध्ये त्रेसष्ट सेक्टर, पहिला ट्रॅक मोकळा सोडायचे. त्यावर बत्तीस राखीव."

"बत्तीस का?"

पंचवीस-सव्वीस वर्षं मी तो आकडा वापरला होता. मी म्हटलं, "बत्तीसच असतात." ती वळून बघेल असं वाटलं, पण तिनं नुसती वजाबाकी केली. एका सेक्टरनं चुकली. मी सांगितलं नाही. तिनंच थांबून परत मोजायला घेतलं.