कुंपणावरचा अडुळसा

अडुळशाला अंगणात कुणी जागा देत नाही. तुळशीला वृंदावन, गवती चहालाही मोरीच्या सांडपाण्यावर हक्काचा कोपरा. हा मात्र परसाच्या कडेला, निवडुंगाच्या सोबतीने, शेरडांनी एकदा तोंड लावून कायमचा सोडून दिलेला. त्याच्या कडूपणावरच भाजीच्या वाफ्यांची राखण चालायची. थंडी सरू लागली की त्याला पांढरी फुले येतात, खालच्या पाकळीवर जांभळट शिरा उमटलेल्या, आणि ते फूल देठाकडून चोखले तर जिभेच्या शेंड्यावर मधाचा पुसटसा थेंब उतरतो. एवढ्या कडू झाडात हा कुठून येतो?

पण अडुळशाची खरी ओळख व्हायची ती पावसाळ्यात. बाहेर पागोळ्यांची धार, आत ओल्या सरपणाचा धूर, आणि कुणाची तरी छाती घरघरतेय. आजी पाने दिवेलागणीआधीच खुडून ठेवी. रात्री झाडे निजलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही. ताजी पाने कितीही ठेचली तरी रस सोडत नाहीत, त्यांना वाफ दाखवावी लागते. चाळणीतल्या पानांचा तजेला हळूहळू उतरे, ती शेवाळी, लुळी पडत, चहाच्या चोथ्याच्या जवळ जाणारा उग्र वास माजघरापर्यंत पोचे, मग ती फडक्यात बांधून आजी असा पीळ देई की मनगटावरच्या शिरा तटतटत आणि वाटीत काळपट हिरवे थेंब पडू लागत. चमचाभर रस, तेवढाच मध.

“तोंड वाकडं करू नकोस, गीळ.”

मग पाठीवरून तिचा हात फिरत राही. खोकला कशाने निवे, रसाने की हाताने, याची वाटणी करायला मी जात नाही.

याच पानांतल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून पुढे कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन घडवले गेले, त्यातून अँब्रॉक्सॉल आले. म्हणजे दुकानातल्या गोड, रंगीत बाटलीत आपल्या कुंपणाचाच अंश आहे. ती मीही आणतो. फक्त तिचा गोडवा मला जरा लबाड वाटतो. आजी गर्भारणीला मात्र अडुळसा कधी देत नसे, आणि व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते, हे औषधशास्त्रही सांगते.

अडुळशाची फांदी खोचली की जगते. परस नसेल तर सोसायटीच्या भिंतीकडेला चालेल. यंदा पाऊस पडला की एक लावा.